पान एकशे बारा

बुधवारी डिचोलीचा बाजार भरतो
आणि तेवढ्यापुरतं आमचं वाचनालयही.
तारखेचा शिक्का मारता मारता मी प्रत्येकाला विचारते,
सध्या काय वाचताय?
नियमात नाही हे. सवय आहे.

पिळगावची कृष्णी मिरच्या विकून येते,
रहस्यकथा त्याच पिशवीतून काढते.
खुनी तिला चाळिसाव्या पानावर कळतो.
पुढचं ती फक्त खात्री करायला वाचते.
तिच्यानंतर ते पुस्तक जो नेतो
तो शेवटपर्यंत शिंकत राहतो.

बँकेतले वेरेंकर पाककृती नेतात, फक्त गोडाच्या.
"साखर तीनशेच्या वर गेली," म्हणतात,
"खाणं बंद. वाचायला कोण अडवतो?"

आपोलिनार शिंपी पुस्तक घरूनच आणतो,
रोमी लिपीतलं, कडा वाळवीने चाखलेल्या.
"तुमच्या अक्षरांनी ना हें," म्हणतो
आणि गळ्यातली टेप न काढता
उभ्या उभ्या सगळी गोष्ट सांगतो,
कुणाचं तरी माप घेतल्यासारखे हात पसरून.
बोलतो आम्ही सगळे एकच.
वाचायला बसलो की आपापल्या अंगणात जातो.

मयेचा एक पोरगा, सहावीतला:
"ऑक्टोपसला तीन हृदयं असतात.
पोहताना त्यातलं एक थांबतं. ठाऊक होतं तुम्हाला?"
नव्हतं.

(प्राध्यापक कधीच 'वाचतोय' म्हणत नाहीत.
'पुन्हा वाचतोय' म्हणतात.)

मग पुरसो गावस आला.
टिपर विकून वर्षं झाली,
नखांतली लाल माती तेवढी राहिलेली.
पुस्तक बायकोच्या नावावर. गुणवंती.
चार महिने उशीर.
दंडाची नाणी त्याने घरूनच मोजून आणलेली, रुमालात.
ती दिवाळीआधी गेली हे मला बाजारात कळलं होतं
आणि मी स्मरणपत्र पाठवलं नव्हतं.

आत कदंबाचं तिकीट. डिचोली ते साखळी.
पान एकशे बारा.
मी ते काढणार तोच त्याने पुस्तकावर तळहात ठेवला.
"हें माझ्या नांवार घाल."

जन्मभर त्याने वाचल्या त्या पाट्या.
पुढे वळण आहे. हॉर्न द्या. सावकाश.
आता ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत,
एकशे तेरापासून.

तिसऱ्या बुधवारी विचारलं, "हो भास्कर कोण?"
मी म्हटलं, मागची पानं वाचा ना.
"मागचें तिका खबर आसा," तो म्हणाला.
"फुडलें हांव वाचतां."
आणि पायरी उतरता उतरता वळून,
"आनी तूं? तूं किदें वाचता?"

एकोणीस वर्षांत मला कुणी विचारलं नव्हतं.
शिक्का हातात तसाच.
"तारखा," म्हटलं मी.
तो हसला नाही. बरोबरच होतं त्याचं.

त्या रात्री दुसरी प्रत घरी नेली.
भास्कर एकतिसाव्या पानावर भेटला,
तो सुभद्रेचा भाऊ नव्हे हे एकोणऐंशीवर.
भात करपला, मी उठले नाही.
एकशे बाराची शेवटची ओळ:
सुभद्रा उठली आणि तिने दार

तिथे पान संपतं.

अंगठा पानाखाली सरकला होता. काढून घेतला.
गुणवंती इथेच उतरली होती.
दार काय केलं सुभद्रेने,
हे डिचोलीत एकाच माणसाला ठाऊक.

काल बुधवार.
तो रांगेत, हातात पुस्तक,
तिकीट आता पार पुढे, दोनशेच्या आसपास.
सवयीचा प्रश्न मी गिळला.
"पुरसोबाब, उघडलं की लावलं?"

त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग पुस्तकाकडे.
ओठ हलले, वाचताना हलतात तसे.
"सांगूं?" म्हणाला. "की वाचतली?"

मागे रांगेत कुणीतरी शिंकलं.